पाहुण्याचा मुक्काम

त्याने तिसरा डबा उघडला आणि त्यातही मीठ नव्हतं. पहिल्यात चाळलेली राख होती, दुसऱ्यात सुट्या बटणांच्या खाली कसलंसं बी, आणि ह्या तिसऱ्यात लिंबाच्या वाळवलेल्या साली. चुलीवर भात रटरटत होता. त्याने झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला, मग जागा तीच होती की नाही अशी शंका येऊन पुन्हा उचलला.

"काय शोधताय?"

बायको मागच्या दारात उभी होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, काखेत पालकाची टोपली.

"मीठ."

"बरणीत आहे."

"कुठल्या बरणीत?"

सांगण्यापेक्षा करणं सोपं, असा चेहरा करून ती आत आली. हात धुतले, डाळीच्या डब्यामागून एक बुटकी बरणी काढली, भातात चिमूट टाकली आणि बरणी पुन्हा डब्यामागे ढकलली. हे होईपर्यंत तो आधी मोरीकडे सरकला, मग ती मोरीकडे आली म्हणून दाराकडे, मग तिला चुलीतलं लाकूड पुढे सारायचं होतं म्हणून खिडकीकडे. बाजूला होणं हे एकच काम ह्या घरात त्याला नीट जमायला लागलं होतं.

"तुम्ही बसा बाहेर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

तसा हा बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. लग्नाच्या आधीपासून ट्रक चालवायचा. घरी यायचा तो मळक्या कपड्यांचं गाठोडं आणि कुठल्या कुठल्या गावची फळं घेऊन. दोन रात्री ढाराढूर झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी माल भरायला पळायचा. समोरच्या शिंप्याने त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. "वहिनी, पाहुणे आले का?" असं तो मशीनवरूनच ओरडून विचारायचा, गल्ली हसायची आणि तीही हसायची. पुढे पुढे ते नाव इतकं अंगवळणी पडलं की त्याचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं.

मग डिझेल महागलं, मग पाळीने मिळायला लागलं, आणि मग दवाखान्याच्या गाड्या आणि आगीचा बंब सोडून कुणालाच मिळेनासं झालं. टाकीत उरलं होतं तेवढ्यावर त्याने ट्रक गल्लीच्या तोंडाशी आणला, शाळेच्या भिंतीकडे नाक करून उभा केला आणि किल्ली खिशात टाकून घरी आला. पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो म्हणतात. इथे तिसरा दिवस होऊन गेला, पावसाळा होऊन गेला, थंडी तोंडावर आली, तरी पाहुणा जायचं नाव घेईना. सुरुवातीला लोक भेटायला आले, आता काय आराम, म्हणाले. नव्याचे नऊ दिवस संपले आणि मग कुणी आलं नाही.

गल्ली त्याच्या आधीच शहाणी झाली होती. खेळाचं मैदान खणून त्याचे वाफे झाले होते आणि मोटारी ठेवायच्या छपराखाली कोंबड्या नांदत होत्या. विमा विकणारा गृहस्थ मधमाश्या पाळायला लागला होता, बोलणं मात्र त्याचं आधीपासूनच गोड होतं. आणि ह्या सगळ्याच्या मध्यभागी होती त्याची बायको. कुठल्या वाफ्यात कधी काय टाकायचं, पाण्याची पाळी कुणाची, कुणाचं बी किडलं, हे विचारायला दिवसभर माणसं येत. बाहेरच्या पायरीवर बसलेल्या त्याला ओलांडून ती आत जात. जाताना "काय पाहुणे" म्हणत आणि उत्तराला थांबत नसत.

त्याने हात आखडता घेतला होता असं नाही. ट्रकची चाकं त्याने बैलगाड्यांना दिली. खालचे पोलादी पाटे लोहाराने नेऊन त्यांचे विळे आणि खुरपी केली. ताडपत्री सगळ्यांच्या धान्यावर गेली. ट्रक विटांवर उभा राहिला. केबिन तेवढी त्याने कुणाला दिली नाही. कोंबड्यांना झकास होईल, असं दोघातिघांनी सुचवून पाहिलं, पण त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

अंगणातले वाफेसुद्धा त्यानेच खणले. मेहनतीला तो कधीच मागे नव्हता. खणून झाल्यावर ती बघायला आली आणि बघतच राहिली. फाटकापासून आतपर्यंत त्याने एक रुंद पट्टी मोकळी सोडली होती, आणि कोपऱ्यातला वाफा तिरपा कापला होता.

"ही जागा कशाला?"

"वळायला," तो बोलून गेला.

"इथून काय वळणार आहे?"

त्याने फावडं पुसलं. दुसऱ्या दिवशी तिने त्या पट्टीत वाल पेरला आणि तो विषय तिथेच संपला.

खरं तर ह्या दोघांचा संसार फोनवर झाला होता. दिवेलागणीला तो कानात वायर अडकवायचा आणि रस्ता मोकळा लागला की बोलत सुटायचा. कुठे काय खाल्लं, कुठल्या वळणावर कोण उलटलं, नाक्यावरचा शिपाई कसा झोपेत शिट्टी वाजवत होता, सगळं. ती हूं हूं करत भाजी निवडायची आणि मग तिची पाळी यायची. नळ गळतोय, शिंप्याची सून रुसून माहेरी गेलीय, छपरावर कबुतरांनी उच्छाद मांडलाय. तो शेकडो मैलांवरून सल्ले द्यायचा, उंटावरून शेळ्या हाकायचा, आणि ती ते सल्ले मन लावून ऐकून स्वतःला हवं ते करायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. ते दुःखही त्यांनी फोनवरच थोडं थोडं करून वाटून घेतलं होतं.

आता तो समोर होता आणि बोलणं आटलं होतं. टॉवर अजूनही दिवेलागणीला थोडा वेळ चालू व्हायचा, शाळेच्या छपरावरच्या उन्हाच्या पत्र्यांवर फोन भरूनही मिळायचे. पण घरातल्या घरात कोण कुणाला फोन करणार? दोन्ही फोन कोनाड्यात शेजारी शेजारी पडून असत. जेवताना दोघं मूग गिळून बसत. तिचं सगळं आपल्यावाचून छान चाललेलं होतं आणि आपण मध्ये येऊन बसलो, असं त्याला वाटायचं. तिला काय वाटतं हे विचारायचं त्याच्या अनेकदा मनात यायचं, आणि तेवढ्यात ती उठून भांडी आवरायला लागायची.

एका दुपारी तो पँटचा गुडघा शिवून घ्यायला शिंप्याकडे गेला. शिंपी पायाने मशीन हाणत होता. मांडीवर जाडजूड काहीतरी होतं, मोटारींच्या सीटांची जुनी कापडं जोडून केलेलं.

"या पाहुणे, बसा. एवढं संपवतो आणि तुमचं घेतो."

"काय शिवताय?"

"रजई. तुमचीच की. म्हणजे वहिनींची. भावाकडे थंडी फार असते, म्हणाल्या, जाड शिवा." शिंपी दोऱ्याचं टोक दातांनी तोडत वर बघून म्हणाला, "परवा सकाळी निघायच्या ना गाड्या? उद्या देतो म्हणावं, काळजी करू नका."

त्याने हातातल्या पँटची घडी घातली आणि पुन्हा उलगडली, तेव्हा मशीनवरचे पाय थांबले.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं की."

"तेच म्हटलं." शिंप्याने उगाच बॉबिन काढून पुन्हा बसवलं. "आता पुढच्या वर्षी सुगी झाली की येतील गाड्यांबरोबर परत. मळ्यावर भावाला माणूस नाही, भावजयीचे गुडघे गेलेत, जावं लागतं हो. वर्ष काय, बघता बघता जातं."

बियाणं घेऊन जाणाऱ्या त्या बैलगाड्या वर्षातून एकदाच जात आणि धान्य घेऊन वर्षाने येत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना चाकं त्यानेच बसवून दिली होती. पँट तशीच हातात घेऊन तो घरी आला.

त्या दिवशी जेवताना त्याने धीर केला.

"शिंप्याकडे गेलो होतो."

"हं."

"रजई शिवतोय तो."

"हं."

"जाड आहे चांगली."

"थंडी वाढणार आहे यंदा," ती म्हणाली आणि त्याला भात वाढला. त्याने नको म्हणायला हात आडवा केला, मग काढून घेतला आणि भात खाल्ला. ती पाणी प्यायली. ती काहीतरी बोलणार असं त्याला एकदा वाटलं, पण तिने नुसतं वाडग्यातलं शिल्लक झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घरात आवराआवर चालली होती. ती बायकांना वाफे समजावून देत होती, कोणतं बी कुठल्या डब्यात ते सांगत होती. त्या बायकांना ते डबे चटकन सापडत होते. तो पायरीवर बसून राहिला, मग पायरीही त्यांना येण्याजाण्याला लागायला लागली म्हणून उठला. उन्हं उतरली तसा कोनाड्यातला आपला फोन उगाच खिशात टाकून तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि केबिनचं दार उघडून चढून बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले की त्याला थोडं बरं वाटायचं. गल्लीला हे ठाऊक होतं आणि त्यावरून लोक त्याला चिडवत नसत, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

टॉवर चालू झाला आणि खिशातला फोन थरथरला. जुन्या सवयीने बोटं आपली आपण फिरली. घंटी वाजायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घरी फोन लावलाय. तो बंद करणार, तेवढ्यात तिने उचलला.

"बोला," ती म्हणाली.

हा घरातला आवाज नव्हता. इतक्या महिन्यांत त्याने तो ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हेही त्याला आत्ता कळलं.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"अजून नाही. भात ठेवतेय. कुठे आहात?"

त्याने काचेतून पुढे बघितलं.

"गल्लीच्या तोंडाशी. समोर शाळेची भिंत आहे. तिच्यावर कुणीतरी भोपळा चढवलाय, एक एवढा मोठा लागलाय की पडला तर कुणाचं तरी डोकं फुटेल. खाली एक मांजर बसलंय. एका डोळ्याने बघतंय माझ्याकडे."

"काणी आहे ती. तिला भात लागतो रोज. मीच घालते."

"तू घालतेस? मला माहीत नव्हतं."

"तुम्ही पुढच्या दाराला असता ना. ती मागे येते." ती थांबली. "आणि भोपळा शिंप्याचा. त्याने त्याला झोळी शिवलीय, बघा, आहे का?"

त्याने वाकून बघितलं. भोपळ्याला खरोखरच कापडाची झोळी होती, खिळ्याला टांगलेली. त्याला हसू आलं. मग तो सांगत सुटला. काचेवरच्या धुळीत पोरांनी काय काय चित्रं काढलीत, एक त्याचंच आहे, मिशा मात्र लई मोठ्या काढल्यात. शाळेच्या छपरावर एक माणूस पत्रे पुसतोय आणि सारखा घसरतोय. ती हूं हूं करत होती, मध्येच हसत होती, आणि मागे पळीचा आवाज येत होता. तिने मग विमावाल्याला माशी ओठावर चावल्याचं सांगितलं, दोन दिवस बिचाऱ्याला गोड बोलता येईना. समोर काळोख होत आला तरी तो बोलत होता.

बोलता बोलता तो म्हणाला, "तू भावाकडे चाललीस."

"शिंप्याने सांगितलं ना? त्याच्या पोटात काही राहत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही घरातच होता."

त्याला ते उत्तर विचित्र वाटलं नाही. त्याने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"भावजयीचे गुडघे गेलेत हे खरंय," ती पुढे म्हणाली. "भावाला माणूस हवंय हेही खरंय. पण तेवढ्यासाठी वर्षभर गेले नसते मी. महिन्याभरात माणूस शोधून दिलं असतं." चुलीतलं काहीतरी तडतडलं. "इतकी वर्षं संध्याकाळी माझ्याशी बोलणारं एक माणूस होतं. त्याच्या जिवावर बाकीचा दिवस काढायचे मी. तुम्ही घरी आलात आणि ते माणूस गेलं. समोर बसून वाट बघवत नाही हो. लांब गेले तर फोन कराल, असं वाटलं."

शाळेच्या छपरावरचा माणूस शिडीने उतरून निघून गेला. केबिनमध्ये ह्याला फार एकटं वाटलं, आणि ती त्याच्याइतकीच एकटी होती हे आता कळल्यामुळे आणखीच वाटलं.

"नको जाऊस," तो म्हणाला.

पलीकडे पळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे घरात येऊन म्हणा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो केबिनमधून उतरला. घर काही लांब नव्हतं. वाटेत शिंपी दिवा लावत होता, त्याने "काय पाहुणे" म्हटलं, आणि ह्याने हातानेच थांब अशी खूण केली, कारण तोंडात धरलेलं वाक्य सांडू द्यायचं नव्हतं. अंगण ओलांडलं, पायरी चढला, स्वयंपाकघराच्या दारात आला.

ती चुलीपाशी उभी होती. त्याला बघून तिने फडकं घेतलं नाही, भांडं उचललं नाही. दोन्ही हात मोकळे ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या कपाळावर एक नवीन सुरकुती होती. ती कधी आली ते त्याला माहीत नव्हतं. आयुष्यभर तो बोलला होता ते समोरच्या रस्त्याकडे बघत, आणि इथे रस्ताच नव्हता, तिचे डोळे होते. त्याने तोंड उघडलं. दोनच शब्द होते, आणि मघाशी ते किती सहज निघाले होते.

"भात लागतोय वाटतं," तो म्हणाला.

तिने आणखी क्षणभर वाट बघितली. मग वळून भाताचं भांडं उतरवलं.

"लागला थोडा," ती म्हणाली.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो जेवून होईपर्यंत मान वर करू शकला नाही. तिने त्याला वरचा मऊ भात वाढला आणि खालचा स्वतः घेतला.

जेवणानंतर तो बाहेरच्या खोलीत आला. दारापाशी तिची वळकटी होती, नवी रजई आत घालून गुंडाळलेली आणि कापडाच्या पट्टीने कशीबशी बांधलेली. त्याने ती पायाने जराशी हलवली. लगेच सैल झाली. मग तो खाली बसला, पट्टी सोडली, सगळं पुन्हा उलगडलं आणि गुडघ्याने दाबत दाबत घट्ट गुंडाळलं. मागच्या पडवीतून ट्रकची जाड दोरी आणली. माल बांधतात तशी ती आडवी उभी फिरवली, वेढ्यातून वेढा काढला, पाय लावून आवळली, पुन्हा वेढा काढला. ह्यात त्याचा हात कुणी धरला नसता. रात्रंदिवस खड्ड्यांतून गेलं तरी ती वळकटी तसूभर हलणार नव्हती.

ती दाराला टेकून बघत होती.

"इतकं घट्ट?"

"रस्ता वाईट आहे," तो म्हणाला.

सकाळी गाड्या आल्या. त्याने वळकटी स्वतः चढवली, बियाण्याच्या पोत्यांच्या मध्ये ती नीट बसवली, चाकांना एकेक लाथ घालून हवा बघितली. गाडीवानाला उतार कुठे आहेत आणि ओढ्यापाशी वाट कशी खचलेली आहे ते सांगितलं. गाडीवान त्या वाटेने जन्मभर गेलेला होता, पण त्याने ऐकून घेतलं. गल्ली गोळा झाली होती. बायका तिच्या हातात काहीबाही देत होत्या.

"वालाला पाणी संध्याकाळी घाला, सकाळी नको," ती त्याला म्हणाली.

"बरं."

"आणि काणीला भात."

"बरं."

गाडी हलली. ती मागे तोंड करून बसली होती, म्हणजे बराच वेळ दिसत राहिली. त्याने हात वर केला नाही. आजवर हात वर करायचं काम तिचं होतं, आणि ते कसं करतात ते त्याला आठवेना. गाडी वळणाआड गेल्यावर शिंप्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तुम्ही पाहुणे नाही राहिलात हो. घरधनी झालात."

बोलून गेल्यावर शिंप्याला ते फारसं बरं वाटलं नाही, आणि तो मशीनकडे निघून गेला.

दुपारी त्याने चूल पेटवली. मोरीकडून चुलीकडे येताना तो मध्येच एका बाजूला सरकून उभा राहिला, आणि कुणाला जायचं नव्हतं तरी थोडा वेळ तसाच थांबला. घर मोठं झालं होतं. संध्याकाळी वालाला पाणी घातलं. मांजर आलं, त्याच्याकडे बघून दूर बसलं, आणि तो आत गेल्यावरच भात खाऊ लागलं. टॉवर चालू झाला, तेव्हा फोन हातात घेऊन तो भिंतीशी बसला. वाटेतल्या मुक्कामांवर टॉवर नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी टॉवर बंद होईपर्यंत तो बसला. दुसऱ्या संध्याकाळीही बसला.

तिसऱ्या दिवशी शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. गाजर कधी टाकायचं, ते वहिनींना विचारायचं राहून गेलं, म्हणाली.

"विचारून सांगतो," तो म्हणाला. कुणी तरी काही तरी विचारलं, म्हणून तो दिवसभर बराच बरा होता.

दिवे लागले आणि फोन वाजला.

"पोचलीस?"

"दुपारीच. वाटेत एका बैलाने ठाण मांडलं, उठेचना. गाडीवान त्याच्या पाया पडला, तेव्हा उठला."

"भावजय कशी आहे?"

"गुडघे सुजलेत. तोंड ठणठणीत आहे."

तो हसला. गाजराचं विचारून झालं. वालाचं सांगून झालं, मांजराचं सांगून झालं. मग सांगायचं काही सुचेना. पलीकडेही शांत होतं. त्याने ती शांतता ओळखली. घरातली होती ती, जेवणाच्या ताटांमधली, आणि आता इतक्या लांबही येऊन पोचली होती. सगळं संपलं की काय, अशी त्याला भीती वाटली. टॉवर थोड्याच वेळात बंद झाला असता.

"अहो," ती एकदम म्हणाली, "ही दोरी सुटत नाहीये."

"कुठली?"

"वळकटीची. काय बांधून ठेवलंय हे? भाऊ म्हणतो, कापून टाक."

"कापू नकोस." तो उठून उभा राहिला. "चांगली दोरी आहे. मी सांगतो तसं कर. उजेड आहे ना?"

"कंदील आहे."

"वळकटी आडवी ठेव. तुझ्या डाव्या हाताला दोरीचा एक वेढा वर आलेला दिसेल."

"थांबा हं. हो, दिसला."

"तो ओढायचा नाही. सगळे तोच ओढतात आणि आणखी आवळून बसतात. त्याच्या खालून दुसरा गेलाय, तो बोटाने चाचपून बघ."

त्याने डोळे मिटले होते. मोकळा हात हवेत ती न दिसणारी दोरी धरून फिरत होता. हे बांधायला आपल्याला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवलं, त्याने सांगितलं. मी तेव्हा नवखा होतो, माल चढावर घसरला आणि सगळ्या रस्त्यावर कांदेच कांदे. म्हातारा मागून आला, एक शिवी दिली आणि काही न बोलता कांदे वेचायला लागला. वेचून झाल्यावर म्हणाला, आता बघ. तीनदा बांधून दाखवलं आणि तीनदा माझ्याकडून सोडवून घेतलं. हे तुला कधी सांगितलं होतं का?

"नाही," ती म्हणाली. "मग?"

मग काय, त्याने सांगितलं, म्हाताऱ्याला नंतर मी किती ठिकाणी शोधला, कुठे भेटलाच नाही, आणि तेवढ्यात तिच्या मागून भावजयीचा आवाज आला. आवाज खणखणीत होता. दाराशी उभी राहून बोलत असावी.

"वन्सं, तुमची वळकटी सोडून अंथरूण घातलंय हो खिडकीपाशी. दोरी खुंटीला अडकवलीय. बोलणं झालं की पडा जरा, दमला असाल."

त्याचा हात हवेत तसाच राहिला. पावलं लंगडत लांब गेली आणि एक दार लागलं.

"ऐकताय ना?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"ऐकतोय."

"मग सांगा की. खालचा वेढा सापडला. आता काय करू?"

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. पाय लांब केले.

"आता त्याचं टोक धर," तो म्हणाला. "घाई नको. सावकाश काढ."